गिरणीच्या भिंतीवरची केबल

रोज सकाळी शटर वर केलं की महंमद हनीफ आधी लोबान लावत, मग राउटरच्या पाठीवर तळहात ठेवून त्याची ऊब पाहत, आणि शेवटी पडद्यावरचा, केबलमधून मोडून आलेला मजकूर मोजणारा एरर-काउंटर पुसून शून्यावर आणत. शिळं कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं.

जुन्नरच्या बाजारातलं त्यांचं सायबर कॅफे दोन हजार पाचच्या सुमाराचं. राउटर खाली दुकानात, संगणक शेजारच्या पिठाच्या गिरणीवरच्या माडीत. गिरणी सारजाबाईंची. दर शुक्रवारी हनीफभाई जुम्म्याची नमाज पढून परतले, की त्या गिरणी सुनेवर सोपवून, हातांचं पीठ झटकत माडी चढत. मुलगा सुदर्शन मस्कतला होता, त्याला शुक्रवारी सुट्टी, तेव्हा दोघं इंटरनेटवरून बोलत. कामावर तो उंचावरून पडला होता. आता बरा आहे म्हणायचा, पण हेडफोनमध्ये त्याचे निम्मेच शब्द पोचायचे.

"आवाज तुटतोय त्याचा, भाऊ. दुखणं लपवत आसंल," सारजाबाई एकदा म्हणाल्या. "आता फुडच्या येळी असंच झालं, तर माघारीच बोलावते त्याला. नोकरी गेली तर जाऊ दे."

हनीफभाईंनी केबलची टोकं बदलली, पोर्ट बदलला, सेटिंग बदलून पाहिलं. नवी केबल आणून जुनीच्या जागी ओढली. काउंटर चढतच राहिला.

मग अमावास्या आली. त्या दिवशी गिरणी बंद. मोटरीला नारळ फोडून सारजाबाईंनी खोबरं वाटलं. तो तुकडा चघळत हनीफभाईंनी दुपारी सहज काउंटर पाहिला, तर सकाळी पुसला तसाच, शून्य. आणि वर माडी तर निकाल बघणाऱ्या पोरांनी भरलेली. त्यांचं चघळणं थांबलं. रोज पुसायच्या नादात कोणत्या दिवशी किती, हे त्यांनी कधी ताडून पाहिलंच नव्हतं.

ते बाहेर येऊन भिंतीकडे बघत उभे राहिले. केबल त्यांनी स्वतःच गिरणीच्या मोटरीच्या वायरीला सुतळीने बांधून वर नेली होती. तेव्हा सारजाबाईंनी दिवाळीला नुकताच चुना दिलेला. त्या भिंतीत नवे खिळे ठोकायची भीड पडली होती. मोटर फिरली की तिच्या वायरीचा उपद्रव केबलला होई आणि आतला मजकूर मोडून जाई.

त्यांनी हे सांगितल्यावर सारजाबाई मोटरीकडे वळून म्हणाल्या, "म्हंजे माझीच गिरणी माझ्या पोराला दळत व्हती व्हय?" मग आत जाऊन खिळ्यांचा डबा घेऊन आल्या आणि एकेक खिळा स्वतः हातात देत राहिल्या. केबल पलीकडच्या कोपऱ्यातून वर गेली.

तरीही त्यानंतरच्या शुक्रवारी सारजाबाईंनी सुनेला गिरणीही बंद ठेवायला लावली. सुदर्शनचा आवाज अख्खा आला. काठी सुटली म्हणाला, बाजरीची भाकरी खावीशी वाटते म्हणाला, हसला. माघारी बोलावण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही.

पुढे कितीतरी शुक्रवार गेले. गरज उरली नव्हती, तरी माडी चढण्याआधी सारजाबाई मोटर बंद करत. खाली डबे घेऊन उभ्या बाया कुरकुरत, आणि दुकानातल्या गल्ल्यामागून हनीफभाई तेच एक वाक्य बोलत. मग एका शनिवारी शटर वर गेलं नाही, ते कायमचंच; हनीफभाई रात्रीतच गेले होते. आदल्या दिवशीही ते नेहमीसारखंच बोलले होते.

"चालू द्या गिरणी, सारजाताई. येतोय त्याचा आवाज."