ऑटोत फोडलेला डाव

माझ्या मुलीच्या संघाचा डाव मीच फोडला, आणि तोही फुशारकी मारताना.

गोंदियाला मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाची अंतिम फेरी होती. मुलगी मैत्रिणींसोबत दवनीवाड्याहून आधीच गेली होती, मी मागून ऑटोने निघालो. गोंदिया जवळ आल्यावर चढून शेजारी बसलेली दोन पोरं त्याच सामन्याबद्दल बोलत होती.

"अपने शहरवाले सीधे घुसते हैं. गाँव की लड़कियाँ तो बस छुपके बैठती हैं," एक म्हणाला.

मला राहवलं नाही. "छुपती नहीं, बेटा, राह देखती हैं. समोरच्यांच्या गोळ्या संपल्या की मागून पुलावरून येतात."

"कौनसा पुल, अंकल?"

मी खेळातल्या नकाशावरचा तो पूलही सांगून टाकला. उतरल्यावर त्यांच्या पाठीवर शहराच्या संघाचं नाव दिसलं. एकाने वळून हात हलवला, "थँक्यू, अंकल."

सभागृहात पोहोचलो तेव्हा मुली पुलाचंच बोलत होत्या. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं, तसं मनातही आलं. पण मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"काऊन सांगतलंस गा बाबा? तू आमचा हायेस का त्यायचा?" ती म्हणाली. मग मैत्रिणींकडे वळली, "पूल सोडा. आज आपणच आधी घुसू."

असं त्या कधीच खेळल्या नव्हत्या. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला लपणाऱ्या म्हटलेलं मला सहन झालं नाही," मी म्हणालो. "पण चुकलो मी. माफ करा, पोरींनो."