‘माय’ला जोड

आक्का वाटेत भेटल्या की ख्यालीखुशाली विचारत नसत, शब्द विचारत. “पोरी, हंड्याला काय जोडावं?” मी तेव्हा तिसरीत होते. “अंडा,” मी ठसक्यात सांगितलं. आक्का तिथंच काठी टेकून उभ्या राहिल्या. “हळदीच्या गाण्यात अंडं घालती का गं? जा, शाळंत जा.” यमक हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. त्या ‘जोड’ म्हणायच्या. शिरूर कासारकडच्या आमच्या गावात कुणाचीही हळद असली की गाणं आक्कांचंच, आणि त्यातल्या सगळ्या जोडी त्यांनी मेंढरांमागं चालता चालता जमवलेल्या.

‘माय’ या शब्दावर त्यांचा विशेष जीव. पाय, साय, जाय, हाय, गाय असं बोटांवर मोजून दाखवायच्या. पण जुळली म्हणून ती जोड गाण्यात जाईलच असं नाही. एका लग्नात नवरीच्या आत्यानं हट्टच धरला, माय म्हटल्यावर गाय आलीच पाहिजे. आक्कांनी तिला हाताला धरून घरामागं नेलं. “दाव मला गाय. तीन शेळ्या हायेत हितं. खोटं मी गात न्हाई.” आत्याबाई लग्न लागेपर्यंत गाल फुगवून बसल्या होत्या.

एक जोड मात्र खरी असली तरी वर्ज्य होती : ‘न्हाय’. मांडवात नकार उच्चारला तर तो नवरीच्या संसाराला चिकटतो, असं आमच्याकडच्या बायका मानतात. एकदा एका नवख्या बाईच्या तोंडून तो गेला, तर आक्कांनी गाणं मध्येच थांबवून तिच्या तोंडात गूळ कोंबला आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

आणखी एक रीत सांगायला हवी. ज्याचं कडवं येतं त्यानंच उठून नवरीला हळद लावायची. आत्याचं कडवं आलं की आत्या, मामीचं आलं की मामी. कडवं नाही, तर हळदीला हात नाही. माझ्या लग्नात सगळा पेच इथंच पडला.

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मामांनी आईचं दुसरं लग्न गेवराईकडं लावून दिलं, आणि त्या घरात मला जागा नव्हती. काका-काकूंनी मला वाढवलं. काकूनं पोटच्या पोरीसारखं केलं, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण आई हळदीला येणार होती, आणि काकांनी आदल्या दिवशी भरल्या घरात बजावलं, “तिचं कडवं आलं तर मी मांडवातून उठतो. मग कन्यादान कुनीबी करा.”

मी दुपारीच आक्कांकडं पळाले. त्या लिंबाखाली लोकर विंचरत होत्या. “आक्का, आईचा हात लागू द्या मला.” त्यांनी विंचरणं थांबवलं. मग म्हणाल्या, “मायचं कडवं एकच असतंय. तुझ्या काकूला काय सांगू? तू माय न्हाईस म्हनून?” मला आई हवी होती आणि काकूही दुखवायची नव्हती, एवढंच कळत होतं. “जोड सापडना गं,” आक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी डीजे बंद करून बायका गाण्याला बसल्या. मी पाटावर. आई मांडवाच्या अगदी कडेला, मांडीवर पिशवी घेऊन, कुणी ऊठ म्हणेल या भीतीनं अर्धवटच टेकलेली. काका समोर खुर्चीवर. आत्या झाली, मामी झाली, बहिणी झाल्या. मायची पाळी आली आणि आक्का थांबल्या. काकू उठायच्या बेतात होती, ती तशीच राहिली. नवऱ्याकडची एक मुलगी मोबाईलवर चित्रण करत होती, तिनंही हात खाली घेतला. मग आक्कांनी डोळे मिटून सूर लावला :

“नवरी म्हनं, एकीनं जल्म दिला, एकीनं शिकवलं टाकाया पाय,
हळद लावा दोघीजनी, परकी कुनीच न्हाय.”

काका उठले आणि चपला न घालताच बाहेर गेले. मला वाटलं, मोडलं सगळं. काकूनं त्यांच्या पाठीकडं पाहिलं, मग आईकडं. “उठा की जाऊबाई,” ती म्हणाली, “हळद वाळाय लागली.” दोघींचे हात एकदमच माझ्या गालाला लागले. कुणाचा कुठला, ते मी बघितलं नाही. मी रडत होते.

अक्षतांना काका परत आले, कन्यादानही केलं. पण भावकीनं आक्कांना पुन्हा हळदीला बोलावलं नाही. मांडवात न्हाय म्हणणारी बाई, असं नाव पडलं. मला हे कळायला पाच वर्षं लागली. कळल्यावर मी गेले, तर आक्का अंथरुणाला लागलेल्या. “आक्का, माझ्यापायी तुमचं गाणं गेलं.”

“तुझ्यापायी कावून? गायलं मी. खरं हुतं, म्हनून गायलं.” मग माझा हात धरून हळूच विचारलं, “दोघी बोलत्यात का गं?”

मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या. तसं मी सांगितलं. आक्कांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांचा तो चेहरा मला फार दिवस छळत राहिला.

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या. ती बातमी मला आईनं फोनवर सांगितली. आईला सकाळीच काकूनं कळवली होती.