सुजूची लाल टोपी

मंडळी, आज दुपारी अंबरनाथच्या एका हॉलमध्ये माझा सत्कार होता. कोण करतंय ते आयोजकांनी सांगितलं नव्हतं, नाहीतर पाऊल ठेवलं नसतं.

नव्वदच्या दशकात माझ्या आठ वर्षांच्या सुजूला ब्लड कॅन्सर होता. लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं, म्हणून आम्ही काही आईबापांनी अंबरनाथ पश्चिमेला एका शाळेच्या पटांगणात ऑर्केस्ट्रा ठेवून निधी उभा केला. पाहुणे होते तेव्हाचे एक नगरसेवक. औषधांनी सुजूचे केस गेले होते. मी विणलेली लाल टोपी घालून ती स्टेजवर आली.

फोटोच्या वेळी साहेब म्हणाले, "बेटा, टोपी काढ ना, लोकांना दिसू दे." आणि स्वतःच ओढून काढली. सुजूने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. खाली टाळ्या पडल्या.

वर्षभरात ती गेली.

आज स्टेजमागे तोच फोटो, भिंतभर. वर लिहिलेलं, 'कॅन्सरग्रस्त बालकांचा आधारवड' आणि साहेबांचं नाव! संशोधनाचा शब्द कुठेच नाही. तेच साहेब शाल घेऊन माझ्यासमोर आले. पंच्याहत्तरी उलटलीय आणि डोक्यावर काळाकुळकुळीत विग.

मी माइक घेतला. "साहेब, विग काढा ना, लोकांना दिसू दे."

त्यांचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

घरी आल्यापासून फोन येतायत, "ताई, म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान करतात का?" तुमच्यातले बरेच जण तेव्हा त्या पटांगणात होते. मला एवढंच सांगा, त्या दिवशी टाळ्या कशासाठी वाजवल्या होत्या?