चाळणरावांची चाळीस मिनिटं

प्रयोगशाळेत सगळे त्यांना चाळणराव म्हणत. वाळवलेलं हाड कुटायचं, एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून हलवायचं, जाड दाणे एका बाटलीत आणि बारीक दुसऱ्या बाटलीत भरायचे, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. पुढे ते दाणे सशांच्या हाडातल्या खाचेत भरले जात आणि जखम भरताना दाण्यांमध्ये रक्तवाहिन्या किती शिरल्या, ते डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकाखाली मोजत.

चाळणरावांचं मत ठाम होतं. "बारीक भुकटी गच्च बसते हो! वाहिनी बिचारी शिरणार कुठून? जाड दाण्यांत कशा ऐसपैस फटी राहतात!" या विषयावर ते तासभर रंगून बोलत, ऐकायला मात्र वजनकाटाच असे. घरी तर तोही नव्हता. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा गृहस्थ अजून भिंतीकडच्या अर्ध्या पलंगावरच अंग चोरून झोपत असे.

एके दुपारी डॉक्टरबाई नाचतच आल्या. "चाळणराव, हरलात! बारीक दाण्यांतसुद्धा भरपूर वाहिन्या! आता बोला!"

चाळणरावांना हे पटेना. बाई गेल्यावर त्यांनी बारीक जाळीची चाळणी दिव्यासमोर धरली. कडेला जाळी नखभर उसवलेली होती. तिथून जाड दाणे खाली घसरून बारकांत मिसळले होते. कामाआधी जाळी अशी उजेडात बघायची, हा नियम त्यांचा स्वतःचाच. आणि इतरांचं डोकं त्यांनी त्यावरून वर्षानुवर्षं खाल्लेलं!

गप्प बसले असते, तर कोणाला पत्ता लागला नसता. दोन महिन्यांनी ते निवृत्तच होणार होते. सांगावं, तर बाईंची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि आपुलकीने विचारपूस करणारं एकुलतं एक माणूसही तुटणार. चाळणी घेऊन बाईंच्या खोलीकडे जिना चढताना ते तीनदा थांबले. दम लागला म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बाईंनी चाळणी उजेडात धरून पाहिली. "तुमच्याकडून? असं झालं तरी कसं?"

"जाळी बघायची राहिली. बोलत होतो."

"बोलत? कोणाशी?"

"तुमच्याशीच, बाई. त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, घरी कोण कोण असतं? चाळीस मिनिटं बोललो मी. हात आपले चालूच होते."

बाईंनी चाळणी टेबलावर ठेवली. मग त्या हळूच म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत. नाहीतर खोटंच छापलं असतं मी. पुन्हा करू सगळं. आणि यावेळी तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, मी बघते."

बाई शब्दाला पक्क्या. सोमवारी नवी चाळणी आली. चाळणराव कामाला बसताच बाईंनी जाणाऱ्या-येणाऱ्यांना दटावून गप्प केलं आणि जाताना खोलीचं दार अलगद, अगदी मायेने, लावून घेतलं.

चाळणरावांनी दिवसभरात एकही दाणा चुकवला नाही.