चर्चच्या उंबऱ्यावर वाढवलेला नारळ

आयर्लंडमधल्या शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका चर्चच्या दारात मी नारळ वाढवला. नव्या हॉलचा पहिला रविवार होता, आणि नव्या वास्तूत कोणीतरी हे करायलाच हवं, असं मला वाटलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी न सांगितलेली कामं मला फार चांगली जमतात.

तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे आजच्या मानाने पोरसवदाच. निवृत्त शिक्षिका. वर्गात मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायची आणि घरी येताना तिठ्यावर कोणाचा उतारा दिसला, की साडी सावरून पलीकडच्या बाजूने जायची. नारळ, कुंकू, लिंबू रस्त्यात का ठेवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त आपण ठेवलं की शुभ आणि दुसऱ्याने ठेवलं की करणी, असा माझा साधा हिशेब होता.

चर्च होतं आमच्या शेजारणीचं. माझा मुलगा इथे मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. माझे यजमान गेल्यावर त्याने मला इकडे आणलं. शेजारीण नायजेरियाची. आठवडाभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायची आणि रविवारी स्वतःच्या पुढच्या खोलीत प्रार्थना चालवायची. तिच्या मंडळींची पास्टर तीच. भिंतीवर चित्र नाही, मूर्ती नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. बायबल, एक ढोल आणि मोकळा गळा. मला ती ‘ममा’ म्हणायची. मी हुरळून गेले. मग कळलं, त्यांच्यात वयाने मोठ्या कुठल्याही बाईला ममाच म्हणतात. बस चालवणारी बाईसुद्धा तिची ममा होती.

माणसं वाढली, जिन्यावर बसायला लागली, तेव्हा घरमालकाने ‘आता पुरे’ म्हणून सांगितलं. मग इस्टेटमधलं गालिच्यांचं एक बंद गोदाम त्यांना भाड्याने मिळालं. ज्याची ज्या दिवशी सुट्टी, त्याने त्या दिवशी येऊन रंग द्यायचा. पडदे मी शिवते म्हटलं. शेजारीण मापं घेऊन आमच्याकडे यायची आणि मशीनशेजारी बसायची.

“ममा, काही जण डळमळतायत,” ती एकदा म्हणाली. “गोदामात कसला देव म्हणतात. लिमरिकला मोठं चर्च आहे, तिकडे जातो म्हणतात. पहिला रविवार नीट पार पडला तर राहतील. नाही तर मी आहे आणि माझ्या खुर्च्या आहेत.”

“तुझ्या आईला बोलव की,” मी म्हटलं.

ती हसली. मग तिने आईची गोष्ट सांगितली.

ही मंडळी मूळची तिच्या आईनेच उभी केलेली. आई शिंपीण. बाजारात दुकान आणि दुकानाला व्हरांडा. रविवारी मशीनवर मेणकापड टाकायचं, दोन बाकं मांडायची आणि दोघी-तिघी बायकांनी प्रार्थनेला बसायचं. आईच्या सासरघराच्या उंबऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्य ठेवायची रीत होती. आईने ती बंद केली. सासरच्यांनी बजावलं, पोरं हातची जातील. एका सकाळी दारात फुटका नारळ आणि लाल भुकटी सापडली. कोणी ठेवलं, सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्याच पावसाळ्यात शेजारणीचा धाकटा भाऊ तापाने गेला.

मी मशीन थांबवलं. “मग?”

“मग रविवार आला. आईने मेणकापड टाकलं, बाकं मांडली. कोणी आलं नाही. ती एकटीच गायली. मी झाडू धरून उभी होते. मला गाण्याचे शब्द येत नव्हते.”

असे किती रविवार गेले, तिला आठवत नव्हतं. मग एक बाई येऊन बाकाच्या टोकाला बसली. तिचंही मूल गेलं होतं. तिच्यामागून आणखी आल्या. व्हरांड्यावर पत्रा चढला, पत्र्याखाली भिंती आल्या, मग दुसऱ्या गावांत शाखा निघाल्या. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या प्रत्येकाला आई सांगायची, पोचल्यावर आधी दोन बाकं मिळव.

ही गोष्ट मी ऐकली. डोळे पुसले, नाक ओढलं. आणि त्याच आठवड्यात लिमरिकच्या दुकानातून नारळ आणला.

आता सांगताना मलाच खरं वाटत नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात त्या नारळाचा आणि माझ्या नारळाचा काही संबंधच लागला नाही. त्यांचा तो आफ्रिकेतला, आपला हा मंगलकार्यातला!

रविवारी सकाळी फिरायला जाते म्हणून मी निघाले. दारात नारळ वाढवला, पाणी शिंपडलं, दोन्ही भकलं उंबऱ्याच्या दोन बाजूंना ठेवली, हळदकुंकू वाहिलं. पांढऱ्या चौकटीवर कुंकवाची पाच बोटं ओढली. स्वस्तिक काढायची फार इच्छा होती, पण या देशात ते कुठेही काढायचं नाही, एवढी अक्कल मुलाने पहिल्याच आठवड्यात दिली होती. हात जोडले आणि रेशमी साडी नेसायला घरी आले.

मुलाबरोबर परत गेले, तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. सगळी मंडळी बाहेर उभी. दार उघडं, आत माझे निळे पडदे दिसतायत, आणि कोणी पाऊल टाकत नाही. कुंकू भिजून पायरीवरून ओघळलं होतं. लांबून ते काय दिसत होतं, हे लिहायला नको.

“आमच्या दारावर कोणीतरी काम केलंय,” निळ्या सुटातले एक गृहस्थ म्हणाले. विमानतळावर टॅक्सी चालवणारे, मंडळीतले वडीलधारे.

“ते माझं आहे,” मी पुढे होऊन म्हटलं. “शुभ असतं. गुड लक.”

“मॅडम, ठेवणारे सगळे हेच म्हणतात.”

मुलगा कानाशी फुसफुसला, “आई! नारळ? चर्चच्या दारात?”

“अरे, वास्तुशांत तर नाही ना केली.”

“आई, गप्प.”

एवढ्यात शेजारीण आली. तिने पायरीकडे पाहिलं, आणि पन्नाशीच्या त्या पास्टर बाईच्या जागी मला झाडू धरलेली मुलगी दिसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात दोन्ही नारळ शेजारी शेजारी आले.

“ममा, हे करताना काय म्हणालात?”

“हे घर माणसांनी भरू दे, म्हटलं.”

“कोणाला म्हटलं?”

खोटं बोलणं सोपं होतं. “आमच्या गणपतीला,” मी म्हणाले. मुलाने डोळे मिटून घेतले.

ती जराही चिडली नाही. “तुम्ही मायेने ठेवलंत, मला कळतंय. पण मी ते इथे राहू देऊ शकत नाही. माझ्या आईने यासाठी फार मोठी किंमत दिली आहे. तुमच्याच हाताने उचला.”

मी भकलं पिशवीत भरली. मुलाने बादली आणून दिली. रेशमी साडीत गुडघे टेकून मी पायरी घासली, मग चौकट. पायरी निघाली, चौकटीवर गुलाबी डाग राहिला. सगळे बघत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तरीही कोणी आत जाईना. तेव्हा तिने आईला फोन लावला, व्हिडिओवर. आधी पायरी दाखवली, मग एकेकाचा चेहरा. आई त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. शेजारीण फोन पुढे धरून एकटीच आत गेली. आणि आतून, रिकाम्या गोदामातून, फोनमधला एक फुटका म्हातारा आवाज गायला लागला. थोड्या वेळाने तिचाही आवाज मिसळला. आता तिला शब्द येत होते.

निळ्या सुटातल्या गृहस्थांनी टोपी काढली आणि उंबरा ओलांडला. मग बाकीचे. दोन कुटुंबं मात्र गाडीत बसून निघून गेली. ती पुन्हा आली नाहीत. पास्टर बाई अजून त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करते, आणि ती नावं आली की मी पदराशी चाळा करत बसते.

आज शेजारचं गोदामही त्यांनी घेतलंय. मधली भिंत काढली. तिथली पोरं शुद्ध आयरिश हेल काढून गातात. चौकटीला दोनदा रंग दिला, तरी ओल धरली की तो डाग वर येतो.

त्या दिवशी मी आत गेले नाही. बाहेरच फडका पिळत राहिले, आणि बादली मुलाच्या हातात देऊन घरी निघणार होते. तेवढ्यात शेजारीण फोन घेऊन बाहेर आली. “आईला तुमच्याशी बोलायचंय.” पडद्यावर नाकावर चष्मा ओघळलेली, माझ्यापेक्षा थोरली बाई होती. तिच्यामागे मेणकापड टाकलेलं मशीन. तिने मला नीट न्याहाळलं आणि एकेक इंग्रजी शब्द जुळवत म्हणाली,

“माझ्या दारात ज्यांनी ठेवलं, ते पुसायला थांबले नाहीत. तू थांबलीस. आता आत जा, भिजलीस. आणि तो डावीकडचा पडदा आखूड झालाय. पुढच्या रविवारी येशील तेव्हा खालची घडी उसवून दे.”