आपलं नाव दिलेलं नाही

ऑफिसात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक तो हातातला चहाचा कप खाली न ठेवता काढून द्यायचा. पन्नाशी उलटलेला, एकटा. घरी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर कायम इस्त्रीचे कपडे. ज्या आत्यानं त्याला लहानाचं मोठं केलं, ती वर्षापूर्वी वृद्धाश्रमात गेली. तेव्हा "थांब" म्हणायला याची जीभ रेटली नाही, आणि मग कुठल्या तोंडानं भेटायचं म्हणून हा फिरकलाच नाही.

आणि नशीब बघा, त्याच आश्रमाच्या फाटकावरच्या मशीनचं काम याच्या पदरात पडलं. पाहुण्यानं खोलीचा नंबर दाबून आपलं नाव टाइप करायचं. आतल्या माणसानं ते दिलेलं असलं तर दार उघडणार, नाहीतर पडद्यावर नकाराची अक्षरं उमटणार. तपासणीसाठी भिंगानं आतल्यानं दिलेलं आणि पाहुण्यानं टाइप केलेलं अशी दोन्ही नावं स्वतःच प्रोग्रॅममध्ये लिहून पाहिली. झटकन जुळली.

मशीन बसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तो चांगलासा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी फाटकाशी हजर. आत्याचा नंबर दाबला, स्वतःचं नाव टाइप केलं.

'आपलं नाव दिलेलं नाही.'

दुसरा कोणी असता तर त्यानं वॉचमनला हाक मारली असती, मशीनला दोन शिव्या हासडल्या असत्या. हा मान खाली घालून वळला. बरोबरच आहे, त्याला वाटलं, कशाला देईल ती माझं नाव? घरी येऊन त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले आणि पुन्हा तिथेच ठेवले. जेवण गेलं नाही. इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

सोमवारी आश्रमाच्या मॅनेजरचा फोन. "अहो, तुमच्या मशीननं काल एकालाही आत घेतलं नाही! लोकांनी आरडाओरडा केला, शेवटी वॉचमननं दार सताड उघडून ठेवलं."

चूक लगेच सापडली. नावं त्यानं '==' अशा, बरोबरच्या दोन चिन्हांनी ताडून पाहिली होती. त्या चिन्हांना अक्षरांशी देणंघेणं नसतं. दोन्ही नावं म्हणजे मेमरीतली एकच वस्तू आहे का, एवढंच ती बघतात. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं सारखं नाव मशीन एकदाच साठवतं, म्हणून तपासणीत जुळलं. फाटकावर टाइप केलेलं नाव ही मात्र नवी वस्तू, अक्षर न् अक्षर तेच असूनही परकी. तिथे अक्षरं वाचून बघणारी 'इक्वल्स' ही आज्ञा हवी होती. नव्या पोरांना तो हे पहिल्याच दिवशी घोकायला लावायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ओळ दुरुस्त करून संध्याकाळी तो पुन्हा फाटकाशी गेला. या वेळी दार उघडलं. आत्या खिडकीशी बसली होती; तिथून फाटक दिसत होतं.

"काल आला होतास," ती म्हणाली. "पाठीवरूनच ओळखलं. किती हाका मारल्या, तुला ऐकूच गेल्या नाहीत."

"मशीन म्हणालं, तू माझं नाव दिलं नाहीस."

"आणि तुला ते खरं वाटलं?" आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, मी एकच तर नाव दिलंय."