शेवंता आत्याची कॉलर

आमच्या घरात कॉलरला दोन जन्म असायचे. अप्पांच्या शर्टाची कॉलर मानेच्या घामानं आणि धुण्याच्या दगडावर घासून घासून घडीवर विरायची, कॉलर ताठ ठेवणारं आतलं कडक पांढरं बकरम दिसायला लागायचं. मग ती उसवायची, उलटी करायची आणि परत शिवायची. आतली चांगली बाजू वर, फाटकी खाली. पण उलटवलेल्या कॉलरची टोकं कधी खाली बसत नाहीत, शिळ्या भाकरीच्या कडेसारखी वर येतात. त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय हे आमच्या तामलवाडीत विचारावं लागत नसे, मानेकडं बघितलं की कळायचं. आमचं तर सगळ्यांना कळत होतं. दीड एकर कोरडवाहू, खाणारी सात तोंडं आणि अप्पा दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणीला. नववीपर्यंत मी अप्पांचेच जुने शर्ट कापून लहान केलेले घातले. त्यांच्या कॉलरी माझ्यापर्यंत येताना दोन्ही जन्म भोगून आलेल्या असायच्या.

त्या कॉलरी उलटवायची ती अप्पांची धाकटी बहीण, माझी शेवंता आत्या. तिला जाऊन सव्वा महिना झाला. मी तुळजापूरला शाळेत शिकवतो. आठवीचा तास चालू होता, धाकट्या भावाचा फोन आला, "आत्या सकाळी उठलीच न्हाय." मी फोन खिशात ठेवला आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. का, ते मला अजून सांगता येत नाही... दहाव्याला पाव्हणे आले आणि जे बोलायचं ते बोलून गेले. बिचारी, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या दारात जन्म काढला. मी गप्प बसलो, कारण दहाव्याला भांडू नये म्हणतात. इथं गप्प बसणार नाही. माझ्या आत्याला कुणी टाकलं नव्हतं. ती निघून आली होती. आणि बिचारी तर ती एक दिवससुद्धा नव्हती.

तिला परंड्याला दिली होती. नवरा हात उचलायचा. दोन वर्षं तिनं काढली आणि एका सकाळी, लग्नात माझ्या आज्यानं दिलेलं शिवणाचं हातमशीन डोक्यावर घेऊन ती यष्टी स्टँडवर आली. कपड्याचं बोचकं मागं राहिलं, मशीन आलं. दागिने कुठायत, असं अप्पांनी दारातच विचारलं म्हणे. ती म्हणाली, "दागिनं तितंच ऱ्हाऊ द्या, दादा. ह्येच्यावर पोट चालंल."

चाललंही. गावातल्या बायकांचे झंपर, परकर, पोरींचे फ्रॉक तिच्याकडं येऊ लागले. पण तिच्या मनात होता शर्ट. गावात टेलर एकच, त्याचं दुकान चौकात. कॉलर कशी बेततात एवढं विचारायला ती एकदा त्याच्याकडं गेली. चार गिऱ्हाइकं बसलेली असताना तो म्हणाला, "शेवंताबाई, तुमी झंपर शिवा. कॉलर गड्यामाणसाचं काम हाय. बाईच्या हातनं ती बसत न्हाय."

"कॉलरचा मळ बाईनं काढायचा," आत्या म्हणाली, "आन कॉलर तेवढी गड्यानं शिवायची व्हय?"

बसलेले हसले. तिचं बोलणं गावात चार दिवस फिरलं. पण घरी आल्यावर ती हसली नाही. शिवेन तर कॉलर शिवेन आणि ह्याच गावच्या गड्यांच्या अंगावर घालीन, असं तिनं माझ्या आईला सांगितलं. बाकी कशाचा हट्ट मी तिच्यात कधी बघितला नाही. हा मात्र तिनं सोडला नाही.

शिकवायला कुणी नव्हतं. होत्या त्या अप्पांच्या फाटक्या कॉलरी. एका दुपारी उसवलेली कॉलर पाटावर पसरून, दोन्ही पदर एकावर एक ठेवून ती बघत बसली. खालचा पदर वरच्यापेक्षा सूतभर लहान होता. सूतभर म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. एवढ्याशा फरकानं वरचा पदर खालच्यावरनं वाकतो आणि टोकं छातीकडं बसतात. उलटवली की लहान पदर वर येतो, म्हणून टोकं आभाळाकडं बघतात. गाव आमचं दळिद्र ज्या खुणेवरनं ओळखत होतं, त्याच खुणेनं तिला कॉलर शिकवली. कॉलेजात मला पुष्कळ मोठ्या माणसांनी शिकवलं, पण एवढं नीट बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

तरी पहिल्या दोन-तीन कॉलरी गळ्याला आवळल्या. त्या तिनं घरातल्या जुन्या शर्टांच्या मापानं शिवल्या होत्या, आणि ते शर्ट धुऊन धुऊन आटलेले. माप अंगावरनंच घ्यायला पाहिजे होतं. अप्पांचं घेता आलं. पण परक्या गड्याच्या गळ्याभोवती बाईनं टेप टाकायचा? गावानं तिला जगू दिलं नसतं. तिनं यातनं वाट काढली ती दोऱ्याची. ज्याला शर्ट पाहिजे त्याच्या बायकोनं नाहीतर आईनं घरी त्याच्या गळ्याभोवती दोरा धरायचा, आत एक बोट ठेवायचं, गाठ मारायची आणि दोरा आत्याला आणून द्यायचा. आत्या त्याच्या टोकाला त्या शर्टाच्या कापडाची चिंधी बांधून खिळ्याला अडकवायची. चिंधी बघून तिला माणूस कळायचा.

आमच्या आळीत एक आराधी म्हातारबा होते, भवानीचे. त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ कायम. त्यांच्या म्हातारीनं माळेवरनंच दोरा धरला आणि आणून दिला. कॉलर एवढी ऐसपैस झाली की आत आणखी एक मान मावली असती. म्हातारबा खुश. माळ आत वाऱ्याला बसते म्हणाले. आत्यानं ऐकलं नाही. "तुमाला चालंल, बाबा. मला न्हाय चालत. उद्या लोक तुमची माळ बघणार न्हाईत, माजी कॉलर बघतील," असं म्हणून तिनं शर्ट परत घेतला, कॉलर उसवली आणि म्हातारीला समोर बसवून दोरा पुन्हा धरायला लावला. पण असे घरातले, आळीतले पाच-सहा सोडले तर गावातला गडी तिच्याकडं फिरकत नव्हता. झंपर शिवणारी बाई, एवढंच.

आता माझी लाज सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला. सोलापूरला बी. ए.ला नाव घातलं तेव्हा आत्यानं मला निळ्या चौकडीचा शर्ट शिवला. कॉलर शिवून सुलटी करताना टोक आतनं कात्रीनं ढकललं तर कात्री कापडातनं बाहेर येते, म्हणून तिनं ते सुईनं हळूहळू ओढून काढलं होतं. दोन्ही टोकं सारखी. वर कोळशाची इस्त्री. वर्गातल्या दत्तानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, कुठं शिवलास? मी म्हणालो, सोलापूरच्या एका टेलरकडं... घरी आत्यानं शिवला हे माझ्या तोंडातनं निघालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हाच दत्ता आमच्या घरी आला. चहा पिता पिता आत्याला म्हणाला, "ह्याचा सोलापूरचा टेलर लई भारी हाय बगा. मलाबी तितंच शर्ट टाकायचाय." आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्याला एवढंच विचारलं, की कॉलर बसलीय का? एकदम बसलीय, तो म्हणाला. ती आणखी चहा आणायला आत गेली.

तो गेल्यावर मी अंगणातच उभा होतो. ती रागावेल, रडेल, अप्पांना सांगेल, असं काय काय मनात आलं. ती जवळ आली आणि म्हणाली, "शेरातल्या पोराला वाटलं ही टेलरची कॉलर हाय. म्हंजी माजी जिरली न्हाय. त्येची जिरली." ती चौकातल्या टेलरबद्दल बोलत होती. मग हात पुढं केला. "आता शर्ट काढ. माजं नाव सांगशील तवा घाल."

सुट्टी संपल्यावर मी अप्पांचा शर्ट घालून कॉलेजात गेलो. उलटवलेल्या कॉलरचा. मधल्या सुट्टीत वर्गात सगळे असताना सांगितलं, की तो चौकडीचा शर्ट माझ्या आत्यानं घरी शिवलाय, हातमशीनवर, आणि मी खोटं बोललो. मागनं एकजण म्हणाला, मग आमच्या आजीकडनं पँट शिवून घेतो. हशा झाला. दत्ता उठून माझ्याजवळ आला. माझ्या अंगावरच्या कॉलरचं वर आलेलं टोक त्यानं बोटानं दाबलं, ते पुन्हा वर आलं. तो म्हणाला, "ही न्हाय पायजे. ती पायजे. काय करावं लागतं?" मी त्याला सांगितलं, आईला गळ्याभोवती दोरा धरायला लाव, आत एक बोट.

दत्ता दोरा घेऊन आला, त्याच्यामागनं कॉलेजातली पोरं आली. सोलापूरची पोरं तामलवाडीत उतरून शेवंता टेलरचं घर कुठं म्हणून विचारतात हे चौकानं बघितलं, आणि मग गावातली पोरं आली. पोरांच्या अंगावर बघून बाप आले. बापांनी आपल्या बायकांना दोरे घेऊन पाठवलं. लग्नातल्या फोटोला वरचं बटण लावता येतं आणि जीव गुदमरत नाही, एवढी एकच जाहिरात तिची झाली. काही म्हणायचे, शर्ट सोलापूरच्या टेलरचा म्हणून आपण बाहेर सांगू. त्यांचं कापड ती घडी करून परत द्यायची. लगीनसराईतसुद्धा द्यायची. माझा चौकडीचा शर्ट मात्र, वर्गात तिचं नाव सांगितल्याचं मी बसमधनं उतरून तिला सांगितलं त्याच संध्याकाळी, तिनं माझ्या हातात दिला होता.

ती बिचारी होती म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या खोलीत जाऊन यावं. खिडकीपाशी तेच हातमशीन आहे, बाजूला आणखी दोन. खोलीला नव्या कापडाचा आणि तापलेल्या इस्त्रीचा वास आहे. तिनं शिकवून तयार केलेल्या सुनीता वहिनी, शबाना भाभी आणि माझी चुलत बहीण मंगल तिथं बसतात. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा दारात दोन गडी नंबर लावून बसलेले होते, आणि मंगल कापलेले पदर एकावर एक ठेवून बघत होती. आज तामलवाडीत तीन बायका गड्यांचे शर्ट शिवतात. गडी ते घालतात, आणि कुणी शिवला हे नावानिशी सांगतात.